एफ ८ ला हात लावू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा चौदा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा चिडत. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून लिहायलाच बसलो. आता मध्ये तोंड घालून दाखव.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. शंभर तासांचे आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याची गोष्ट जगायचे गेम, ही बिनपगारी दुसरी नोकरी. बाळ झोपल्यावर तुला मिळतात चाळीस मिनिटं. त्यातली दहा अपडेट डाउनलोड होण्यात जातात आणि उरलेल्या वेळात गेम तुला घोड्यावर बसवून या गावची चिठ्ठी त्या गावाला पोचवायला पाठवतो. वर 'इमर्शन', म्हणजे गेमच्या जगात बुडून जाणं, हवं म्हणून भूक लागते, झोप येते, तलवार बोथट होते. 'घरी कामं कमी आहेत का?' हे तुझं वाक्य तर मी पाठच केलंय.

निम्मं मान्य. लांबीचा तर मला स्वतःलाच ताजा चटका बसलाय. विचर ३ पुन्हा लावला होता (हो, तोच, २०१५ चा, आणि तिसऱ्यांदा, हसू नकोस). साठेक तास झाले असतील, मग कामात अडकलो आणि महिनाभर हात लावला नाही. परत आलो तर माझा नायक गेराल्ट दलदलीच्या कडेला उभा, समोर तीन ड्राउनर, म्हणजे पाण्यातले राक्षस, आणि माझ्या बोटांना एक बटण आठवेना. वार चुकवायचा कशानं, साइन, म्हणजे छोटा मंत्र, टाकायची कशानं? क्वेस्टची, म्हणजे अंगावर घेतलेल्या कामगिऱ्यांची, यादी उघडली तर नावंच नावं, आणि यातल्या कुणाला मी काय कबूल करून बसलोय याचा पत्ता नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची कागदपत्रं चाळतोय असं वाटलं. तीन ड्राउनरनी मला फाडलं, मी गेम बंद केला.

तरीही दोष तासांचा आहे असं मला वाटत नाही. गेम जेव्हा दिलेल्या शब्दाला जागत नाही, तेव्हाच आपण घड्याळाकडे बघायला लागतो. शब्द पाळणारा गेम सहा तासांचा असो की शंभर, आपण त्यात बुडतो. माझं सगळं भांडण एवढंच आहे.

आपला जुना फॉलआउट आठव, १९९७ चा पहिला. अणुयुद्धानंतर लोक ज्या भूमिगत निवाऱ्यात राहतात, त्या व्हॉल्टमधली पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीय, १५० दिवसांत नवी आणली नाहीस तर आतले सगळे तहानेनं मरतील. आणि हे खरंच असतं! मॅपवर एका गावातून दुसऱ्या गावात चाललो की कोपऱ्यातली तारीख सरकत जाते. मी पहिल्या वेळी इकडंतिकडं भटकत, लूट गोळा करत दिवस घालवले आणि व्हॉल्ट मेला. खेळ खल्लास. तेव्हा केवढा संतापलो होतो. दुसऱ्या वेळी हब नावाच्या गावातल्या पाणीवाल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन शंभर दिवस वाढवून घेतले आणि तरीही वाळवंटातली प्रत्येक फेरी हिशेब करून केली. ग्राफिक्स म्हणशील तर मुंगीएवढी माणसं. पण घशाला कोरड पडायची ती माझ्या.

आता २०१५ चा फॉलआउट ४ बघ. डोळ्यांदेखत बायकोला गोळी घालतात, तान्हं पोर पळवून नेतात, बाप रडत बाहेर पडतो. आणि मी काय केलं? एक अख्खी संध्याकाळ पडक्या घरात सोफा भिंतीला नीट लागत नाही म्हणून तो फिरवण्यात घालवली. गेम चकार शब्द बोलला नाही. पोर जिथं होतं तिथं, सोफा जिथं होता तिथं. अशा वेळी सत्तर तास काय आणि सातशे काय, सगळे सारखेच लांब वाटतात.

तू म्हणशील, मग विचर ३ मध्ये गेराल्टच्या मानसकन्येच्या, सिरीच्या मागे वाइल्ड हंट ही भुताळी टोळी लागलेली असताना तू प्रत्येक खानावळीत ग्वेंट या गेममधल्याच खेळाचे पत्ते कुटत बसतोस त्याचं काय? बसतो. वकिली करत नाही. पण तो गेम दुसरीकडं हिशेब चुकता करतो. टेकडीखालच्या त्या आत्म्याला सोडायचं की मारायचं, आठवतंय? मी सोडलं, अनाथ पोरं वाचली म्हणून खूश झालो, आणि विसरलोसुद्धा. बऱ्याच वेळानं तिथल्या सरदाराच्या, बॅरनच्या वाड्यात परतलो तर अंगणातल्या झाडाला बॅरन लटकलेला. कुणी बोट दाखवून 'हे तुझ्यामुळं' म्हटलं नाही. त्याची गरजही नव्हती. एवढं सगळं नीट लक्षात ठेवणाऱ्या गेमला मी पत्ते माफ केले.

आता तुझा तिसरा मुद्दा, म्हणजे इमर्शनच्या नावाखालची हमाली. इथं आपण दोघंही एकच शब्द दोन अर्थांनी वापरतोय असं मला वाटतं. भुकेचा बार म्हणजे इमर्शन नव्हे, तो नुसता बार. स्कायरिममध्ये ड्रॅगन अंगावर आग ओकत असताना मेन्यू उघडायचा, अख्खं जग थांबतं, आणि मग निवांतपणे चीजच्या चाळीस चकत्या एकामागून एक पोटात ढकलायच्या. ड्रॅगन हवेत तोंड उघडून ताटकळत उभा! मला हे प्रिय आहे, मी त्यावर शंभरदा हसलोय, पण त्याला कुणी इमर्शन म्हणू नये.

उलट किंगडम कम: डिलिव्हरन्स घे. २०१८ चा, चेक लोकांनी केलेला, १४०३ सालच्या बोहेमियातला. नायक हेन्री, लोहाराघरचा पोरगा. त्याला वाचता येत नाही. आता इतर कुठल्याही गेममध्ये 'तुम्हाला वाचता येत नाही' अशी एक ओळ आली असती आणि पुस्तक उघडलं नसतं. इथं पुस्तक उघडतं. पान दिसतं. पण शब्दांमधली अक्षरं उलटीपालटी झालेली असतात. मी पाच मिनिटं डोळे बारीक करून बघत बसलो, मला वाटलं फॉन्टच बिघडलाय. मग ट्यूब पेटली. हेन्रीला जे दिसतं तेच मला दिसत होतं. एका लेखनिकाकडं जाऊन शिकावं लागतं, आणि शिकल्यावरही अक्षरं एकदम सरळ होत नाहीत. वाचत राहावं तशी ती हळूहळू जागेवर येतात. काढ्याची कृती अशा अर्धवट अक्षरांत वाचून मी जे काही उकळलं ते विचारू नकोस. पण त्यानंतर पहिल्यांदा एक आख्खी ओळ नीट लागली तेव्हा मला जो आनंद झाला, तो कुठल्याही लेव्हल-अपला झालेला नाही.

याच गेममध्ये सेव्ह करायला दारूची बाटली लागते, आणि ती नसेल तर बिछाना शोधा. तुला हे छळ वाटतं, आणि तुझ्या चाळीस मिनिटांच्या हिशेबात तो आहेच. बनवणाऱ्यांनाही ते पटलं असावं, कारण नंतर त्यांनी सेव्ह करून बाहेर पडायची सोय दिली. या मुद्द्यावर तू जिंकलास, लिहून देतो. खेळाडूचं आयुष्य ही काही गेमची मेकॅनिक नव्हे. बाळ रडलं की उठता आलंच पाहिजे.

पण तेवढ्यावरून सगळी अडचणच काढून टाका म्हणशील तर मी मॉरोविंड काढेन. २००२. मॅपवर बाण नाही, कंपासवर मार्कर नाही. माणूस सांगतो, रस्त्यानं उत्तरेला जा, पूल ओलांड, मग डावीकडं. डायरीत लिहिलेलं असतं ते वाचत चालायचं, आणि कधी कधी सांगणाराच चुकलेला असतो. पहिल्याच गावाबाहेर एक माणूस किंचाळत आभाळातून पडतो आणि मरतो, आठवतोय ना? त्याच्या खिशात उंच उडीच्या मंत्राचे कागद. मी काय केलं असेल? वाचला, उडी मारली, अर्धं बेट पायाखालून गेलं, आणि उतरायची सोय नाही हे खाली येताना कळलं. गेमनं अडवलं नाही. त्याचा नियम त्या बिचाऱ्यालाही तोच आणि मलाही तोच. मुख्य कथेतल्या महत्त्वाच्या माणसाला मारलंस तरी गेम तुला सांगतो की आता भविष्यवाणीचा धागा तुटला, जुनं सेव्ह लोड कर किंवा या मोडक्या जगात राहा, आणि खरंच राहू देतो.

नऊ वर्षांनी त्याच मालिकेतल्या स्कायरिममध्ये त्याच दर्जाच्या माणसाला कुऱ्हाडीनं हाणलं तर तो गुडघ्यावर बसतो, दम खातो, उठतो. मला वाटतं तिथं काहीतरी हातचं गेलं. या दोघांच्या मधल्या ऑब्लिव्हियनबद्दल तर काय बोलावं, आपण लेव्हल वाढवावी आणि रस्त्यावरच्या फाटक्या दरोडेखोरानं ग्लासचं महागडं चिलखत घालून शंभर नाणी मागावीत. अरे बाबा, अंगावरचं विक, घर बांध!

बरं, आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी लिहायला बसलो. बाल्डर्स गेट ३. त्यात बोलणी, लढाई सगळं फाशांवर ठरतं, आणि तू म्हणालास की फासे म्हणजे नशिबाचा खेळ, त्यात खेळाडूचं कौशल्य काय.

सुरुवातीच्या त्या ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गपूजक मांत्रिकांच्या, वस्तीत एक लहान पोरगी पकडली गेलेली असते, मूर्ती चोरली म्हणून. ड्रुइडांची ती बाई, कागा, आणि तिचा साप पोरीसमोर. मी मध्ये पडलो. समजावायचा पर्याय निवडला. तो वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडत आला. माझं पात्र गोडबोलं, आकडे माझ्या बाजूचे, मी निर्धास्त होतो. पडले तीन. पोरगी पळायला गेली, साप डसला, संपलं. माझं बोट एफ ८ वर होतं. क्विकलोड, म्हणजे मागचं सेव्ह परत उघडायचं बटण. दोन सेकंदांचं काम, पोरगी पुन्हा जिवंत, फासा पुन्हा हातात. आणि माहीत आहे का, मी ते बोट काढलं. का ते अजूनही नीट सांगता येणार नाही. बाहेर तिचे आईबाप होते. त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते ऐकून घेतलं. त्यानंतर वस्तीत कागा दिसली की माझा जबडा आवळला जायचा, आणि पुढं तिच्याशी जे वागलो ते कुठल्याही बक्षिसासाठी नव्हतं.

मित्रा, मी एफ ८ दाबलं असतं तर ते दृश्य मला आज आठवलंही नसतं. आणखी एक जमलेला रोल, एवढंच.

तू म्हणशील, लोड केलेलं गेमला कुठं कळतं? एका गेमला कळतं. अंडरटेल, २०१५, सहा-सात तासांत संपतो. सुरुवातीला आईसारखी सांभाळणारी टोरिएल असते. माझ्या हातून ती मेली. जीव कळवळला, जुनं सेव्ह लोड केलं, या वेळी तिला वाचवलं, आणि स्वतःची पाठ थोपटत पुढं गेलो. तर ते फूल, फ्लावी, माझ्याकडं बघून हसतं. त्याला ठाऊक असतं. तू तिला आधी मारलंस आणि मग पस्तावून परत आलास, हे तोंडावर म्हणतं. मी कंट्रोलर बाजूला ठेवून दोन मिनिटं भिंतीकडं बघत बसलो होतो. सहा तासांच्या गेमनं माझं सेव्ह फाइलमधलं पाप बाहेर काढलं. आता सांग, लांबी कशात मोजायची?

दुसरं टोक पर्सोना ५. शंभरच्या आसपास तास सहज जातात, पण तो कॅलेंडरवर चालतो. शाळा सुटल्यावर काहीतरी एक, संध्याकाळी काहीतरी एक. मित्राला भेटलास तर अभ्यास राहिला. डेडलाइन चुकलीस तर खेळ संपला. तुझ्या चाळीस मिनिटांत दोन-चार दिवस होतात, तारीख पुढं सरकते, झोपायला मोकळा. तुला हा लांबलचक गेम झेपेल असं मी पैजेवर सांगतो. ड्रॅगन एज: इन्क्विझिशन मात्र झेपणार नाही. तिथल्या पहिल्याच हिंटरलँड्सच्या मैदानात लोक वनस्पती आणि चकाकते तुकडे वेचत इतके अडकायचे की एकमेकांना 'तिथून आधी बाहेर पड' असं बजावत फिरायचे. पाहुण्याला दारातल्या चपला मोजायला बसवल्यासारखं.

आणि एक, डिस्को एलिझियम घे, प्लीज. लढाई नाही, तलवार नाही, घोडा नाही. सुरुवातीला फिरत्या पंख्याला टाय अडकलेला असतो. मी पात्राची तब्येत अगदी नाजूक ठेवली होती, टाय काढायला हात वर केला आणि हृदयविकारानं गेलो. मुख्य कथा सुरू व्हायच्या आत! तुला आवडेल.

रविवारी रात्री बाळ झोपलं की ऑनलाइन ये. बाल्डर्स गेटमध्ये चौघांपर्यंत एकत्र खेळता येतं, आपण दोघंच पुरे. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं, घड्याळ मी लावतो. फासे तू टाकायचे, बोलणी तू करायची, आणि जे पडेल ते पडेल. तुझ्या कीबोर्डवरच्या एफ ८ वर चिकटपट्टी लाव आणि मला फोटो पाठव. फोटो आल्याशिवाय मी लॉबी उघडणार नाही.

तुझाच,
दर वेळी चुकीच्या दारावर फायरबॉल टाकणारा