हुमल्यांना नांगी नसते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात आंब्याच्या फांद्या तोडल्याची बातमी आपल्या ठाणे पुरवणीत वाचली. झाडावर 'विषारी नांगीच्या लाल आगमुंग्या' झाल्या होत्या आणि खाली गाड्या लावणाऱ्यांना त्या चावत होत्या, असे कारण दिले आहे. सोबत फोटो आहे: हिरवी पाने एकमेकांना जोडून केलेले मोठे घरटे आणि त्यावर लांब पायांच्या तांबूस मुंग्या. चावत होत्या हे खरेच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण 'आगमुंगी' आणि 'नांगी' हे दोन्ही शब्द चुकले आहेत, आणि 'विषारी' हा शब्द बऱ्याच खुलाशाशिवाय उभा राहत नाही. बातमीवर विसंबून शेजारच्या संकुलातही कुऱ्हाड चालू नये, म्हणून हे पत्र.

फोटोतल्या मुंग्या म्हणजे कोकणात ज्यांना हुमले म्हणतात त्या. शास्त्रीय नाव ओइकोफिला स्मॅरग्डिना. १७७५ साली फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने या जातीचे वर्णन केले. मुंग्यांचे कुळ फॉर्मिसिडी. त्याची जी उपकुळे आहेत त्यांतल्या फॉर्मिसिनी या उपकुळात हुमले मोडतात. या उपकुळाची ठळक खूण अशी की त्यातल्या एकाही मुंगीला नांगी नसते.

हे कशावरून, तर शरीररचनेवरून. शाळेत आपण कीटकाचे डोके, छाती, पोट असे तीन भाग शिकतो. मुंगीत हा हिशेब थोडा फसवा आहे. तिच्या पोटाचा पहिला खंड पुढे सरकून छातीला पुरता जोडला गेलेला असतो. दुसरा खंड आक्रसून त्याचा एक मणी होतो, आणि आपण जिला मुंगीची कंबर म्हणतो ती म्हणजे हाच मणी. त्यामागे जे फुगीर दिसते ते उरलेले पोट. काही उपकुळांत तिसरा खंडही असाच आवळला जातो आणि कंबरेला दोन मणी येतात. फॉर्मिसिनीत मणी एकच.

एवढ्यावरच आगमुंगीचा निकाल लागतो. आपल्याकडे आढळणारी आगमुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा, ही मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. ती मिर्मिसिनी या सर्वांत मोठ्या उपकुळातली, कंबरेला दोन मणी, मागे खरीखुरी नांगी आणि वस्ती जमिनीत. बागेतल्या हिरवळीवर बसल्यावर आग होते ती बहुधा तिच्यामुळे. ती आंब्याची पाने जोडून घरटे बांधत नाही.

आता मागचे टोक. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या एकाच गणातल्या, आणि त्यांची नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचेच बदललेले रूप. (म्हणून नांगी असते ती फक्त माद्यांना. मुंग्यांत कामकरी सगळ्या माद्याच.) फॉर्मिसिनीच्या पूर्वजांना नांगी होती, पुढे ती झिजली आणि तिचे अवशेष आत राहिले. तिच्या जागी पोटाच्या टोकाला, शेवटच्या दिसणाऱ्या खालच्या पट्टिकेत, एक बारीक गोल छिद्र तयार झाले. बऱ्याच जातींत ते तोटीसारखे पुढे आलेले असते आणि त्याभोवती केसांची झालर असते. काहींत ते वरच्या पट्टिकेखाली दडलेले असते. या छिद्रातून फॉर्मिक आम्ल बाहेर पडते. असे छिद्र मुंग्यांच्या दुसऱ्या कुठल्याही उपकुळात नाही. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १६७१ साली मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून हे आम्ल मिळवल्याची नोंद केली, म्हणजे रसायनशास्त्राला मुंगीची ओळख बरीच जुनी आहे.

हुमला चावतो तो जबड्याने. कातडी धरली की तो पोट पुढे वाकवतो आणि जखमेवर आम्ल सोडतो. झोंबते ते यामुळे. हे आम्ल ज्या ग्रंथीत तयार होते तिला शरीरशास्त्रात विषग्रंथीच म्हणतात, हा मुद्दा कोणी काढील आणि तो रास्त आहे. पण नांगीवाटे कातडीखाली विष टोचणे निराळे आणि वरून आम्ल पडणे निराळे. डोळ्यात गेले तर मात्र लगेच भरपूर पाण्याने धुवावे, हे आपल्या बातमीत एका ओळीत आले असते तर जास्त उपयोग झाला असता. याच आंबटपणासाठी बस्तरकडे आणि ओडिशात या मुंग्यांची चटणी करतात. सिमलीपालच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. घोडबंदर रस्त्यावर कोणी ती करून पाहावी असे मी म्हणत नाही.

आम्लाचा उपयोग चावण्यापुरता नाही. फॉर्मिसिनीतल्या एका मुंगळ्यावर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की या मुंग्या स्वतःचेच आम्ल चाटून गिळतात आणि अन्नाबरोबर आलेले रोगजंतू त्याने मरतात. हे वाचल्यावर मला दुसरी एक गोष्ट जास्त अर्थपूर्ण वाटू लागली. बहुतेक मुंग्यांच्या छातीच्या मागच्या कोपऱ्यात जंतुनाशक द्रव स्रवणारी ग्रंथी असते. हुमल्यांत आणि बहुतेक मुंगळ्यांत ती नाही. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध जोडण्याची घाई करू नये, पण आम्ल हाताशी असताना ती ग्रंथी गमावणे परवडले असेल, असा तर्क मनात येतोच.

एकच मणी दिसला म्हणजे फॉर्मिसिनी, असा सरळ नियम मात्र नाही. ओट्यावर फिरणारी काळपट डोक्याची, फिकट पोटाची इवलीशी मुंगी पाहा. तिचे नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. तिलाही नांगी नाही, पण तिच्या पोटाच्या टोकाला गोल छिद्राऐवजी आडवी फट असते, उपकुळ डॉलिकोडेरिनी. पोनेरिनी उपकुळातल्या मुंग्यांनाही मणी एकच, मात्र नांगी शाबूत, आणि बहुतेकींच्या कंबरेमागच्या फुगीर भागात पहिल्या खंडानंतर एक आवळलेली खाच दिसते. थोडक्यात, आधी कंबर पाहायची आणि मग टोक. दहापट मोठे करणारे साधे भिंग कंबरेला पुरते. टोकासाठी मेलेली मुंगी आणि जरा चांगला सूक्ष्मदर्शक लागतो.

हुमल्यांचे भाऊबंद तर आपल्या घरातच आहेत. भिंतीकडेने चालणारा मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याच उपकुळातला. स्वयंपाकघरात दिशाहीन पळत सुटणारी, लांब मिशांची बारीक काळी मुंगी, पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस, तीही यातलीच. मुंगळ्यांच्या वारुळातून पावसाआधी पांढरी 'अंडी' तोंडात धरून रांग निघते, ती बहुतेक वेळा अंडी नसतात. मुंगीचे अंडे डोळ्यांना जेमतेम दिसते. तोंडात असतात त्या अळ्या आणि कोष. मुंगळ्याची अळी स्वतःभोवती रेशमाचा कोष विणते. हुमल्याची अळी तसे करत नाही. तिचे रेशीम घरट्याच्या कामी येते: कामकरी मुंग्या साखळ्या करून दोन पाने ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या जिवंत अळी जबड्यात धरून विणकराच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवतात. प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही. म्हणजे फोटोत दिसणारे ते घरटे सगळे अळ्यांच्या सुतावर उभे आहे, आणि त्यापायी अळ्यांचा स्वतःचा कोष राहून जातो.

वर्गीकरणाचा इतिहासही आपल्या मातीपासून फार लांब नाही. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले रॉटन यांनी १८९२ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर सविस्तर लिहिले. १९०३ मध्ये बिंगहॅम यांनी ब्रिटिश इंडियाच्या प्राण्यांवरील ग्रंथमालेत मुंग्यांचा खंड लिहिला, तेव्हा हुमले आणि मुंगळे 'कॅम्पोनोटिनी' या उपकुळात होते. तेच आजचे फॉर्मिसिनी. त्या काळी सगळी मदार बाह्य रचनेवर होती: मणी किती, मिशीचे खंड किती, मिशीची खोबण वरच्या ओठाच्या पट्टिकेपासून किती दूर. मुंगळ्यांत ही खोबण पट्टिकेपासून सुटी, मागे असते आणि ती खूण आजही चालते. २०१६ मध्ये वॉर्ड, ब्लेमर आणि फिशर यांनी जनुकीय पुराव्यांवरून या उपकुळाची फेरमांडणी करून त्याचे ११ गट पाडले. त्यांतल्या एका गटात आज हयात असलेली प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा समूह, जीनस) एकच, ओइकोफिला. तीन हजारांहून अधिक जातींच्या या पसाऱ्यात हुमल्यांचे घराणे असे एकटे पडलेले आहे. आफ्रिकेत त्यांचे नातलग आहेत. आशिया आणि ऑस्ट्रेलियात ही आपली जात.

झाडावरच्या मुंग्यांबद्दल इशारा द्यायचाच असेल तर तो दुसऱ्या एका मुंगीबद्दल द्यावा. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा: काळे डोके, तांबडी छाती, काळे पोट, मोठे डोळे, सडपातळ अंग. १८५१ साली जेर्डन यांनी दक्षिण भारतातल्या मुंग्यांवर लिहिताना तिचे वर्णन केले. उपकुळ स्यूडोमिर्मिसिनी, कंबरेला दोन मणी. ती झाडाच्या सालीतल्या आणि वाळक्या लाकडातल्या पोकळीत राहते, खोडावर एकटीदुकटी फिरते, त्यामुळे लक्षात येत नाही. तिला नांगी आहे, डंख फार दुखतो, आणि काही जणांना त्यातून गंभीर ॲलर्जी झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. पानांचे घरटे ती बांधत नाही. फांदी तोडायला चढणाऱ्या माणसाला हुमले दिसतात, ही दिसत नाही.

हुमल्यांचा त्रास खोटा नाही. आंबे काढणाऱ्यांना विचारा. शिवाय ते मावा, पिठ्या ढेकूण अशा किडींना गोड द्रवासाठी राखतात, हा बागायतदारांचा आक्षेपही खरा. दुसरीकडे, पाने आणि मोहोर खाणाऱ्या कितीतरी किड्यांचा ते फडशा पाडतात. चीनमध्ये सोळा-सतरा शतकांपूर्वीपासून संत्र्यांच्या बागांत त्यांची घरटी मुद्दाम नेऊन लावत. शहरातल्या आंब्याला त्यांचा तोट्यापेक्षा फायदा जास्त आहे, असे माझे मत. आणि फांदी तोडून उपयोगही नसतो. एकाच वसाहतीची घरटी अनेक, कधी शेजारच्या झाडांवर पसरलेली, आणि राणी त्यांतल्या एकाच घरट्यात. ते नेमके तोडलेल्या फांदीवर असण्याची शक्यता कमी. तोडताना चवताळलेल्या शेकडो मुंग्या खाली पडतात त्या वेगळ्याच. औषध फवारले तर ते गाड्यांवर आणि खाली खेळणाऱ्या मुलांवरही उतरते. गाड्यांची जागा दोन-तीन महिने हलवणे, भिंतीला किंवा गॅलरीला टेकणारी तेवढीच डहाळी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने छाटणे, एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागते. येऊरच्या पाड्यांवर लोक हुमल्यांच्या झाडाखालून रोज जातात, ते काही कुऱ्हाड घेऊन नाही.

आपल्याकडे एवढीच विनंती: त्या बातमीची दुरुस्ती छापावी आणि तिच्यात टेट्रापोनेराचा फोटो द्यावा. फोटो बाजूने काढलेला हवा, कारण वरून काढलेल्या फोटोत मणी मोजता येत नाहीत. पायही मोजून घ्यावेत. हुमल्यांची हुबेहूब नक्कल करणारा एक उडी मारणारा कोळी आहे, त्याचे अंग मध्ये आवळून त्यालाही खोटी कंबर आलेली असते, आणि मुंगी म्हणून त्याचाच फोटो सहज छापला जाऊ शकतो. त्याला पाय आठ असतात.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
पाचपाखाडी, ठाणे (प.)