अण्णांच्या सोबतीसाठी

माहीम, मुंबई

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. काकू गेल्यापासून अण्णा दादरच्या घरात एकटे पडले आहेत आणि पुण्याला यायला काही केल्या तयार होत नाहीत, म्हणून त्यांच्या वाढदिवसाला लॅब्राडॉरचे पिल्लू आणून द्यावे असे तुझ्या मनात आहे. हेतू चांगलाच आहे. तरी पिल्लासाठी विसार देण्याआधी माझे चार शब्द ऐकून घे, कारण अण्णांकडे माझे जाणे-येणे असते आणि त्या इमारतीचे जिने माझ्या गुडघ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहेत.

प्राण्यांच्या सोबतीने माणसाचे भले होते, ही केवळ प्राणिवेड्यांची भाबडी समजूत नव्हे. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ जणांचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण तू जन्मभर ऑडिट केलेला माणूस, इतक्या लहान गटावरून किती बोलावे हे तुला मी काय सांगणार? ज्यांची तब्येत मुळात बरी आणि हिंडणे-फिरणे शाबूत, तेच प्राणी पाळण्याच्या फंदात पडत असतील, ही शक्यता उरतेच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये हा सारा पुरावा तपासून जपूनच मत दिले: प्राणी, विशेषतः कुत्रा, पाळणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी असू शकतो, परंतु मुख्यतः तेवढ्यासाठी कुणी प्राणी घरी आणू नये. मला हे दुसरे वाक्य अधिक मोलाचे वाटते.

माझ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. पत्नी वारल्यानंतर त्यांच्या दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच लोंबकळत असे. पुढे जिन्याखाली व्यालेल्या मांजरीचे एक पिल्लू त्यांच्या घरात शिरले आणि राहिलेच. आता ते सकाळी चष्मा कपाळावर सरकवून, वर्तमानपत्र पसरून, उकडलेल्या मांदेलीचा एकेक काटा काढत बसलेले असतात, आणि ती पट्टेरी बया त्यांच्या मनगटावर पंजा ठेवून घाई करते. तिला वाढून झाले की स्वतःची रक्तदाबाची गोळी घ्यायची, असा त्यांनी नेम लावून घेतला आहे; पूर्वी मुलगी फोन करकरून थकायची तरी ती गोळी हमखास राहायची. शाळेतून येणारी पोरे मांजर बघायला बेल वाजवतात, कोळीण त्यांच्यासाठी बारीक मासळी वेगळी ठेवते. मांजरीने त्यांचे दुःख घालवले असे मी म्हणणार नाही. कुणाला तरी वेळेवर खायला घालायचे आहे, या एका गोष्टीने त्यांचा दिवस पुन्हा रांगेला लागला आणि बंद दार उघडे राहू लागले, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरही तेच दिसते: तिथे वर्षानुवर्षे भेटणाऱ्या कुत्रेवाल्यांना एकमेकांची आडनावे ठाऊक नसतात, पण ‘ब्रूनोचे बाबा’ दोन दिवस दिसले नाहीत तर चौकशी होते.

आता लॅब्राडॉरकडे येतो. अण्णांचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि कुत्र्याला दिवसातून दोन-तीनदा खाली न्यावेच लागणार, मग जुलैतला पाऊस कोसळत असो की ऑक्टोबरचे ऊन भाजत असो. पिल्लू वर्षभरात तीस किलोंच्या आसपास जाते आणि मांजर दिसताच हिसका देते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कुत्रा फिरवताना हाड मोडून आलेल्या पासष्टीपुढच्या माणसांची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाली. अण्णांचे खुब्याचे हाड मोडले तर त्यानंतर कोण कुणाची सोबत करणार आहे?

म्हणून माझे मत पाच-सहा वर्षांच्या, नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या, माणसाळलेल्या मांजरीच्या बाजूचे आहे. अण्णा मासे खातात, हे तिच्या पथ्यावरच पडेल, कारण मांजर दूधभातावर पोसते हा आपल्या घरांतला जुना गैरसमज आहे: मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, आणि मांस-मासळीतून मिळणारे टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडले तर त्यांचे हृदय आणि डोळे बिघडतात. नुसत्या मांदेलीवरही भागवू नये, सोबत बाजारातले मांजरांचे खाणे हवे. खिडक्यांना कबुतरांसाठी लावतात तसली मजबूत जाळी लावून घे. रेबीजची लस दरवर्षी चुकवायची नाही. आजारपणासाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आपल्या वडीलधाऱ्यांचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’, दादरपासून फार दूर नाही. सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुर करतील, पण प्राणी पाळण्यावर सोसायटीला बहुमतानेही बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे.

अवघड प्रश्न एकच उरतो आणि तो तुला आहे. अण्णा आठ दिवस रुग्णालयात राहिले तर मांजरीला कोण पाहील? तेवढे मी पाहीन, किल्ली माझ्याकडे आहेच. पण अण्णांच्या पश्चात ती तुझ्या पुण्याच्या घरी जाईल का, हे वहिनींशी बोलून आधीच ठरवून टाक. ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांची जनावरे मी रस्त्यावर आलेली पाहिली आहेत. आणि मुख्य म्हणजे वाढदिवसाचे गुपित वगैरे ठेवू नकोस. ज्यांनी रोज उठून करायचे, त्यांना विचारल्याशिवाय घरात जीव आणणे मला पटत नाही. पुढच्या रविवारी येतोच आहेस, तेव्हा अण्णांना सरळ विचार. ते नाही म्हणाले तर विषय तिथेच थांबव; हो म्हणाले तर मला कळव, जाळीवाल्याला मी सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश