एसेक्विबोचे जंगल निकालापर्यंत थांबू शकत नाही

महोदय,

व्हेनेझुएला आणि गयाना यांच्यातील एसेक्विबो प्रदेशाचा वाद आपल्याकडे बातम्यांत येतो तो बहुधा तेलापुरताच. १८९९ च्या पॅरिस लवादाने हा भाग तत्कालीन ब्रिटिश गयानाला दिला. व्हेनेझुएलाला तो निवाडा मान्य नाही, आणि २०१५ मध्ये गयानाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात मोठा तेलसाठा सापडल्यावर हे जुने भांडण पुन्हा पेटले.

नकाशावरच्या या वादग्रस्त पट्ट्यातच कायेतूर धबधबा आहे. तेथील प्रचंड ब्रोमेलियाड वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात अंगठ्याच्या नखाएवढा सोनेरी बेडूक अंडी घालतो आणि त्याची पिल्लेही तिथेच वाढतात. इतके नाजूक जीवन जिथे नांदते, त्याच प्रदेशातील नद्यांत सोन्याच्या खाणींतला पारा उतरतो, माशांत साठतो आणि मासे हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्या आदिवासींच्या शरीरात जातो, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

सीमा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवावी. मात्र बेकायदा खाणकाम रोखण्यासाठी आणि नद्यांतील पाऱ्याची संयुक्त तपासणी करण्यासाठी दोन्ही सरकारांनी निकालाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

– एक वाचक