भिंतीशी ठेवलेली खुर्ची

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूच्या नावाने सलाम.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते आहे. यांना विचारूनच, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. सैन्यातून घरी आलेल्या आणखी कुणाच्या घरी हे पोहोचावं, असं आम्हा दोघांनाही वाटतं.

आधी आम्ही ज्या मंडळीत, म्हणजे ज्या चर्चमध्ये, जायचो, तिथे एका रविवारी माजी सैनिकांना उभं करून टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. हे उभे राहिले, हसले, आणि मग कित्येक महिने उपासनेला गेलेच नाहीत. "ज्यासाठी टाळ्या पडल्या, तेच मला झोपू देत नाही," म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा हे दाराजवळ भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तुम्ही त्यांना पुढे बोलावलं नाहीत. एक खुर्ची उचलून आणलीत आणि तिथेच भिंतीशी ठेवलीत. पुढच्या रविवारी आम्ही यायच्या आधीच ती तिथे होती. रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणणाऱ्या बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी उठवून खाऊ घातलं आणि पुन्हा निजू दिलं, हे तुम्ही उपदेशात सांगितलंत ते पुष्कळ नंतर. तसे वागलात मात्र पहिल्या दिवसापासून.

हे तोफखान्यात होते. गोळा कुठे पडला, खाली कोण होतं, हे त्यांना कधी दिसलं नाही आणि म्हणूनच ते सुटत नव्हतं. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटल्या जाणाऱ्या भाकरीचं, ताट आलं की न घेता पुढे सरकवायचे. एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती मंडळीबद्दल बोलू लागलात. चौथ्या शतकात बासिल नावाच्या बिशपांनी सुचवलं होतं की युद्धात मारणं म्हणजे खून नव्हे, तरी हात मळलेले असतात, म्हणून अशांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहावं. १०६६च्या इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर तर जिंकलेल्या बाजूच्याच बिशपांनी आपल्या सैनिकांना प्रायश्चित्त लावलं, मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष.

यांनी हळूच विचारलं, "आणि ज्याला आकडाच माहीत नाही त्याचं काय?"

तुम्ही म्हणालात, "धनुर्धाऱ्यांचा तोच प्रश्न होता. त्यांच्यासाठी तीन उपवासकाळ ठरवले होते. मी तुम्हाला प्रायश्चित्त सांगत नाही. त्यासाठी क्रूस आहे. पण हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही."

यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. साहेब, तुम्ही घाईघाईने क्षमा हातात कोंबली नाहीत, आधी ओझं खरं आहे हे मान्य केलंत. त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

मानसोपचारतज्ज्ञांकडेही तुम्हीच नेलंत. या त्रासाला 'पीटीएसडी', म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा ताण, म्हणून वैद्यकीय यादीत जागा मिळाली ती १९८०मध्ये, तो भोगणारे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होते, हे तुमच्याकडूनच कळलं. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, हे माझ्याही डोक्यात बसलं होतं, ते तुम्ही काढलंत. आणि ज्या दिवशी यांना प्रार्थना जमत नव्हती, त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचलंत. ते अंधारातच संपतं. तुम्हीही तिथेच थांबलात, पुढचं आशेचं स्तोत्र जोडलं नाहीत.

गेल्या महिन्यात यांनी प्रभुभोजन घेतलं. भाकर बराच वेळ तळहातावर धरून बसले होते. तुम्ही पुढची प्रार्थना सुरू न करता थांबलात, ते मी पाहिलं.

सगळं बरं झालंय असं नाही. परवा रात्री हे पुन्हा दचकून उठले. एरवी उठून अंधारात एकटे बसतात, मला सकाळी कळतं. परवा त्यांनी मला हाक मारली.

तुमची कृतज्ञ,
खुर्चीशेजारी बसणारी बहीण