सेनापती, सत्ता आणि थकलेला पगार

मा. संपादक,

यादवी जिंकलेला सेनापती सत्तेवर का बसतो, या प्रश्नाला आपल्या रविवार पुरवणीतील लेखाने ‘सत्तेची हाव’ असे उत्तर दिले आहे. तलावपाळीच्या कट्ट्यावर ते खपून जाईल. खरा पेच असतो फौज मोडण्याचा, आणि त्याला रोकड लागते.

इंग्लंडमध्ये १६४६ साली पार्लमेंटविरुद्धच्या यादवीत राजा पहिला चार्ल्स हरला. पुढच्या वर्षी पार्लमेंटने सैन्याला घरी पाठवायचे ठरवले तेव्हा पायदळाचा १८ आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता. पायदळातल्या शिपायाला रोजचे ८ पेन्स, स्वाराला २ शिलिंग, आणि त्यातच घोड्याचा दाणावैरण. हिशोब केला तर एकेका स्वाराचे ३० पौंड येणे निघते. पार्लमेंट देऊ करत होती ८ आठवड्यांचे. मराठेशाहीतले शिलेदार अशा वेळी सरदाराच्या दारात धरणे धरत; इथे फौजेने लंडनचाच रस्ता धरला.

दुसरे दुखणे खटल्यांचे. लढाईत स्वारांनी लोकांचे घोडे ओढून नेले होते. शांतता होताच मालक घोडेचोरीची फिर्याद घेऊन कोर्टात. हुकमाने केलेल्या कामासाठी फास गळ्यात यायची वेळ! पगार आणि माफी दोन्ही मिळवून देईल अशा माणसामागे फौज उभी राहते, पार्लमेंटच्याच फौजेतला सेनानी क्रॉमवेल तसा माणूस ठरला. मात्र सत्ता एका झटक्यात आली नाही. डिसेंबर १६४८ मध्ये फौजेतल्या कर्नल प्राइडने पार्लमेंटचे नको असलेले सभासद दारातच अडवले, जानेवारीत राजाचे मुंडके उडाले, एप्रिल १६५३ मध्ये उरलीसुरली पार्लमेंट हाकलली गेली आणि डिसेंबरात क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’, म्हणजे राष्ट्रप्रमुख, झाला. खुद्द सरसेनापती फेअरफॅक्स १६५० मध्येच बाजूला झाला होता, हे लेखात यायला हवे होते.

थकबाकीपोटी शिपायांना रोखे मिळाले आणि त्यांवर राजाच्या जमिनी विकायला काढल्या. हातातोंडाशी गाठ पडलेल्या शिपायांनी रोखे पडत्या भावात अधिकाऱ्यांना विकले. राजा परतला की जमीन जाणार, म्हणून हे अधिकारी नव्या राजवटीला चिकटून राहिले.

रोमन सेनापती सीझरची गत वेगळी नव्हती. अधिकारपद सुटले की खटला उभा राहणार, म्हणून इ.स.पू. ४९ मध्ये त्याने इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी फौजेसह ओलांडली आणि यादवी पेटली.

उलट उदाहरण अमेरिकेचे. तिथली यादवी १८६५ मध्ये संपली तेव्हा सुमारे दहा लाखांची फौज होती. नोव्हेंबरपर्यंत आठ लाख माणसे हिशोब चुकता करून घरी गेली, कारण तिजोरी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हाती होती. विजयी सेनापती ग्रँट अध्यक्ष झाला तो १८६८ ची निवडणूक जिंकून.

जाता जाता एक दुरुस्ती. स्पेनमध्ये जनरल फ्रँकोने यादवी युद्ध जिंकून सत्ता घेतली, असे लेखात म्हटले आहे. बंडखोर सेनानींनी त्याला राष्ट्रप्रमुख केले ते १ ऑक्टोबर १९३६ रोजी. युद्ध संपले १ एप्रिल १९३९ ला.

– इतिहासाचे दोन निवृत्त प्राध्यापक, नौपाडा, ठाणे