घरातील सागरी टाकी : मासा कोठून आला, हे पावतीवर असावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातील सागरी मत्स्यालयांवर आलेला सचित्र लेख वाचला. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या आणि नवी मुंबईतल्या पाम बीच परिसरातल्या नव्या संकुलांमध्ये दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याची हौस वाढते आहे, हे त्यातले निरीक्षण योग्यच आहे. मी स्वतः ठाण्यात अशी टाकी अनेक वर्षे सांभाळत असल्याने या हौसेला नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. मात्र लेखासोबतच्या छायाचित्रात टाकीभर जिवंत प्रवाळ (समुद्रात वसाहत करून राहणारे छोटे प्राणी) दिसत होते, आणि काचेची जाडी, दिव्यांची किंमत, कपाटाचा रंग असा सगळा तपशील देणाऱ्या लेखात ते प्रवाळ आले कोठून आणि घरात ठेवता येतात का, याबद्दल एक ओळही नव्हती. टाकी घेऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न तोच आहे, म्हणून हे पत्र.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या अनुसूचीत वाघ आहे तिच्यातच, २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. समुद्रात खडकासारखी भिंत उभारणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि पंख्यासारखे पसरणारे सी फॅन असे सगळे त्यात आले. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही महाकाय शिंपले यांनाही त्याच वेळी संरक्षण मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तरी प्रवाळांचे संरक्षण सुटलेले नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. जिवंत प्रवाळाचीच गोष्ट कशाला, सहलीवरून आणून शोकेसमध्ये मांडलेला पांढरा वाळका तुकडासुद्धा या कायद्याच्या कक्षेत येतो, हे आपल्याकडे किती घरांत ठाऊक असेल, कोण जाणे.

दुकानात याविषयी विचारले की ठरलेले उत्तर मिळते : ‘इम्पोर्टेड माल आहे साहेब, टेन्शन घेऊ नका.’ कठीण प्रवाळ हे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस करारातही समाविष्ट आहेत. त्यामुळे माल खरोखर परदेशातून रीतसर आला असेल, तर त्यामागे निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना असतो, आपल्याकडील आयातीची कागदपत्रे असतात आणि ती दाखवता येतात. कागद मागितल्यावर दुकानदाराने विषय माशांच्या खाद्याकडे वळवला, तर गिऱ्हाइकाने काय ते समजून घ्यावे. आपल्याच किनाऱ्यावर मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवावे लागले. महापालिकेला एवढ्या मोठ्या प्रकल्पासाठी जे विचारल्याशिवाय हलवता आले नाही, ते दिवाणखान्यात मात्र पिशवीतून येऊन बसते.

‘लाइव्ह रॉक’ नावाने विकल्या जाणाऱ्या दगडांचेही असेच आहे. हा दगड बहुधा प्रवाळांच्या सांगाड्यांचाच बनलेला असतो आणि समुद्रातून उपसून आणलेला असतो. त्याची खरी किंमत त्याच्या छिद्रांत वाढणाऱ्या जिवाणूंत असते. माशांच्या विष्ठेतून व उरल्या खाद्यातून तयार होणारा विषारी अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणू सच्छिद्र सिरॅमिक दगडावरही तितकेच चांगले वाढतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. टाकीत अमोनियाचा थोडा पुरवठा करून, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे थांबावे लागते आणि तोवर मासा सोडायचा नसतो. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास असतो आणि अशा अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो, त्यामुळे गोड्या पाण्यात कदाचित निभावलेली घाई येथे निभावत नाही. शनिवारी टाकी, रविवारी मासे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मासे, असा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे. दुकानदाराला तो सोयीचाच असतो.

यातली खरी गोम अशी की गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे शेततळ्यांत व टाक्यांत पैदास केलेले असतात, तर सागरी टाकीतले बहुतेक मासे आजही थेट समुद्रातून पकडून आणले जातात. आग्नेय आशियाच्या काही भागांत ते सायनाइडची फवारणी करून गुंगवून पकडल्याचे वारंवार उघड झाले आहे. म्हणजे आपल्या टाकीत मेलेल्या प्रत्येक माशाच्या जागी नवा मासा आणताना आपण कुठल्या तरी समुद्रातून आणखी एक काढत असतो. याला ठळक अपवाद क्लाउनफिश या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाचा. या माशाची अंडी सुमारे आठवड्याभरात उबतात, पिल्लांना आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया हे सूक्ष्म जलजीव खाऊ घालून वाढवता येते, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे केव्हाच बसवली आहे. ठाणेकर-नवी मुंबईकरांना तर दूर जायलाही नको. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने शोभिवंत सागरी माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. फ्लेमिंगो पाहायला तेथे गेलेल्या किती जणांना याची कल्पना असते? पैदास केंद्रातला क्लाउनफिश टाकीच्या आयुष्याला जन्मापासून सरावलेला असतो, कोरडे खाद्य मुकाट्याने खातो आणि समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या सी ॲनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची त्याला गरजही नसते. माझ्या टाकीत अशीच एक जोडी आहे. सिरॅमिकच्या दगडातला एक कोनाडा त्यांनी आपला मानला आहे आणि काच पुसायला हात घातला की त्यातली मोठी, म्हणजे मादी, बोटाला येऊन चावते. (हे सगळे जन्मतः नर असतात आणि जोडीतला वरचढ नर पुढे मादी होतो, हे सांगितले की पाहुण्यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. आमच्याकडच्या मालवणी पाहुण्यांना तर यांचे तिखले होईल का, एवढाच प्रश्न पडतो.)

प्रवाळ नसलेल्या टाकीचीही उस्तवार काही कमी नसते आणि ती विक्रीच्या वेळी सांगितली जात नाही, हे माशांच्या मरणाचे दुसरे कारण आहे. खाडी उशाशी असताना मीठ विकत कशाला आणायचे, असे मला अनेकदा विचारले जाते. ठाणे खाडीत गाळ आहे, सांडपाणी आहे आणि पावसाळ्यात तिचा खारेपणा पार उतरतो. टाकीला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले, १.०२५ च्या आसपास विशिष्ट गुरुत्वाचे पाणी बारा महिने हवे असते. स्वयंपाकाच्या मिठातून ते मिळत नाही, कारण त्यात समुद्रातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट नसतात. त्यासाठी तयार सागरी मीठच वापरावे लागते. ते ज्या पाण्यात कालवायचे तेही आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार शोषून घेणारा फिल्टर) असे दोन्हीतून गेलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण शून्य दाखवणारे हवे. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी ज्यांच्या नळाला येते त्यांचे फिल्टर त्या मानाने टिकतात, पण घोडबंदर पट्ट्यात टँकर आणि बोअरवेलच्या पाण्यावर भागवणाऱ्यांनी महिन्याच्या खर्चात फिल्टरचाही हिशेब धरावा, आणि आरओतून वाया जाणारे पाणी लादी पुसायला वापरावे.

उन्हाळ्यात टाकीचे पाणी रोज काही लिटर उडून जाते आणि येथे नवशिक्यांची हमखास गल्लत होते. उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याची घालायची आणि खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरायचे. रोज खाऱ्या पाण्याची भर घालणाऱ्याच्या टाकीचा खारेपणा हळूहळू चढत जातो, मासे सुस्तावतात आणि दोष मात्र माशांच्या ‘क्वालिटी’ला दिला जातो. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचे टॉर्चएवढे साधन असते. त्याच्या तिरप्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवून झाकण मिटले आणि उजेडाकडे धरून पाहिले, की निळा भाग जेथे संपून पांढरा सुरू होतो ती रेघ ३५ वर आहे की नाही, हे पोरालाही वाचता येते. ते विकत न घेता टाकी घेऊ नये.

तापमान २४ ते २७ अंशांत राहायला हवे. ठाण्यातला मे महिना आणि ऑक्टोबर ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली अडचण सांगायला नको. पाण्यावर पंखा लावून काही अंश उतरवता येतात, परंतु आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याची मजल मर्यादित असते आणि शेवटी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावाच लागतो. तो टाकीतली उष्णता खोलीत सोडत असल्याने बंद कपाटात कोंडून चालत नाही, आणि विजेच्या बिलाचा स्लॅब वर चढतो तो यामुळेच. वीज गेली की पाणी तापण्याच्याही आधी प्राणवायूची ओढाताण सुरू होते, कारण खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि पाणी कोमट झाले की आणखी कमी. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहण्याची सूचना आपल्या भागात नवी नाही. शंभर-दोनशे रुपयांची कसर करून बॅटरीवर चालणारा एअर पंप न घेणारे लोक हजारोंचे मासे गमावतात.

वजनाचा विचार तर फारच थोडे करतात. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ३४० लिटर पाणी मावते. काच, दगड आणि स्टँड धरून हा भार अर्ध्या टनाच्या घरात जातो, आणि तो सगळा सहा चौरस फुटांवर उभा असतो. आपल्याकडील मानकांत घराच्या खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो एवढा पसरलेला भार गृहीत धरलेला असतो. नव्या इमारतीत तुळईलगत, भिंतीला समांतर ठेवलेली टाकी बहुधा निभावते, पण नौपाडा-उथळसरच्या जुन्या इमारतींत किंवा बाहेर काढलेल्या बाल्कनीत ती स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याखेरीज ठेवू नये. सोसायटीनेही खालच्या मजल्यावर गळती होण्याची वाट न पाहता ही विचारणा आधीच करावी.

आणखी दोन गोष्टी केवळ टाकीवाल्यापुरत्या नाहीत. पहिल्या अनुसूचीत नसल्याने दुकानांत सर्रास मिळणारे ‘झोआ’ हे रंगीत जीव निरुपद्रवी दिसतात, पण त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. ते वाढलेला दगड साफ करण्यासाठी उकळला किंवा गरम पाण्याने घासला, तर त्या वाफेने घरातल्या सगळ्यांना रुग्णालयात जावे लागल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत. दुसरी गोष्ट, कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे खाडीत सोडण्याची. यात पुण्य नाही. लायनफिश हा हिंद-प्रशांत महासागरातला मासा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ साली प्रथम दिसला, तो शौकिनांच्या टाक्यांमधून सुटल्याचे मानले जाते, आणि आज कॅरिबियनपर्यंत तो तेथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे. तेथे आपल्या दिवाणखान्यातला माल ओतण्याचे काहीच कारण नाही. नको असलेला मासा दुकानाला किंवा दुसऱ्या शौकिनाला द्यावा.

आता मागणी. सागरी जीव विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने पावतीवर त्या जिवाचे शास्त्रीय नाव आणि तो पैदास केंद्रातला, आयात केलेला की आपल्या समुद्रातून पकडलेला, हे लिहून द्यावे, आणि आयातीचा असेल तर परवान्याचा क्रमांकही नोंदवावा. कपड्याच्या दुकानात सुती-रेशमी सांगणारी चिठ्ठी मिळते, तर जिवंत प्राण्याबाबत एवढे कळायला हरकत नसावी. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी ठाणे व नवी मुंबईतील अशा दुकानांची वेळोवेळी संयुक्त पाहणी करावी, आणि पैदास केंद्रांतील पिल्ले सामान्य गिऱ्हाइकाला कोठे व कशी मिळू शकतात, याचा फलक दुकानांत लावण्याची व्यवस्था करावी. आपल्या दैनिकाने त्या लेखाला जोड म्हणून, प्रवाळांविषयीच्या कायदेशीर तरतुदींची चौकट पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक
मानपाडा, ठाणे (पश्चिम)