मजुरी संध्याकाळीच का देतो

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, कापूस खेडा खरेदीत, म्हणजे दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला का घातला, हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) का नाही नेला? तेव्हा वेचणीवाले हिशोबासाठी बांधावर थांबले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. आता सविस्तर लिहितो. आई, तू त्यांना वाचून दाखव. ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको.

बाबा, तुमचं म्हणणं खरं आहे. यंदाच्या, २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे आणि दारात येणारा व्यापारी त्यापेक्षा बराच कमी देतो. पण सीसीआयला न्यायचं तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, मग तारीख मिळायची वाट, मग ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२च्या वर गेला की माल परत. पैसे थेट बँकेत जमा होतात, हे चांगलंच. पण ते आज संध्याकाळी हातात येत नाहीत, आणि मला रोज संध्याकाळी पैसे लागतात.

आपल्या भागात मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती करतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी कुटुंबं शेताच्या कडेला पालं ठोकून राहिली आहेत. मधले दिवस त्यांचं तेल-मीठ उधारीवर चालतं, आणि उधार घेणाऱ्याला भाव करता येत नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असं बायबलमध्ये लेवीय १९:१३ ला स्पष्ट सांगितलंय. त्यातल्याच अनुवाद या पुस्तकात २४:१५ ला तर कारणही दिलंय: तो गरीब असतो, त्याचा सगळा जीव त्या पैशात असतो. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकला, तो शेवटी आलेल्यालाही दिवसाची पूर्ण मजुरी, एक दिनार, मिळाली म्हणून. यंदा वाचताना मी त्याच्या आधीच थांबलो. संध्याकाळ होताच मळ्याचा धनी कारभाऱ्याला म्हणतो, कामकऱ्यांना बोलाव आणि मजुरी दे. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, पण दिवस मावळताना हिशोब चुकता करण्याचा साधा नियमही त्याने मोडला नाही.

म्हणून मी सगळा कापूस विकलेला नाही. वेचणीच्या मजुरीपुरता तेवढा दारात दिला. बाकीचा घरात कोरडा ठेवलाय, तारीख मिळाली की सीसीआयलाच नेईन. भावात जे गेलं ते मी मजुरीच्या खर्चात धरलंय.

काट्याचंही सांगतो. सकाळी दवात वेचलेल्या कापसाचं वजन करताना दवाचं म्हणून, फडक्याचं म्हणून किलो-दीड किलो सहज कापलं जातं. तोच दमट कापूस विकायला काढला की दव कोणालाच आठवत नाही. थैलीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नको, असं अनुवाद २५:१३ सांगतं, ते नेमकं हेच आहे. मी गाठोड्याचं फडकं रिकामं तोलतो आणि तेवढंच वजा करतो. पहिल्याच दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, “हाऊ काटा खरा शे का, भाऊ?” मी पाच किलोचं माप तिच्याच हातात दिलं आणि म्हटलं, तूच ठेवून बघ. आता रोज सकाळी कोणी ना कोणी माप ठेवून काटा पाहतं, मगच वेचणीला उतरतात.

आई, तू चर्चमधल्या हंगामाच्या उपकारस्तुतीबद्दल विचारलं होतंस. अर्पण नक्की देणार, पण सगळी मजुरी चुकती झाल्यावर. दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक प्रभूच्या कानी जाते, असं याकोब ५:४ मध्ये आहे. कोणाच्या घामाचे पैसे अडकलेले असताना वेदीपुढे ठेवलेली गोणी आपली कशी म्हणायची? आपल्या मंडळीत वचनं पाठ असणारे पुष्कळ आहेत, मला त्याचा आनंदच वाटतो. पण आपल्या शेतात राबणाऱ्या माणसाला ते वचन काट्यावर आणि पैशात दिसलं नाही, तर त्याच्यासाठी ते असून नसल्यासारखंच. हे मला फार मनापासून वाटतं.

शेवटच्या वेचणीनंतर ओढ्याकडच्या पट्ट्यात गुरं लगेच सोडणार नाही. राहिलेली बोंडं ज्यांना शेत नाही त्या बायका वेचून नेतील. बायबलमधल्या गरीब विधवा रूथनेही बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचला होता.

हिशोबाच्या वहीचे फोटो ताईच्या मोबाईलवर पाठवतो. बाबा, तिच्याकडून आकडे वाचून घ्या. आता बोंडं विरळ झाली आहेत, दिवसभर वेचूनही पहिल्यासारखा कापूस भरत नाही. त्यामुळे किलोमागचा दर दोन रुपयांनी वाढवावा असं माझ्या मनात आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते रविवारच्या आधी कळवा, म्हणजे सोमवारपासून तसं देता येईल. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमचा,
धाकटा